घड्याळजीची लेक : कोरी टेन बूम



क्षमा करावी हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. लहानपणापासून आपण तेच ऐकत आलो. परंतु प्रत्यक्ष प्रसंग आला म्हणजे ते किती जड जाते, हेही आपणांस ठाऊक आहे. जावेने चारचौघींत केलेला अपमान वीस वर्षे लक्षात राहतो. दागिन्यांच्या वाटणीवरून सख्ख्या बहिणींत धरलेला अबोला कधी कधी मरणाच्या दारापर्यंत सुटत नाही. मग जिचे म्हातारे वडील तुरुंगात गेले, जिची थोरली बहीण डोळ्यांदेखत झिजून मेली, त्या बाईने हे करणाऱ्यांना क्षमा कशी केली असेल? आणि केली ती मनापासून केली की नुसती तोंडाने? मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त अशाच एका बाईची हकीकत मी आपणांस सांगणार आहे. तिचे नाव कोरी टेन बूम.

कोरीचा जन्म १५ एप्रिल १८९२ रोजी हॉलंड देशात अ‍ॅम्स्टरडॅम शहरी झाला. चार भावंडांत ती शेंडेफळ. थोरली बेट्सी, मग भाऊ विलेम, मग नॉली आणि शेवटी कोरी. हे कुटुंब लवकरच जवळच्या हार्लेम गावी राहावयास गेले. तेथे आजोबांनी १८३७ साली घड्याळांचे दुकान घातले होते. खाली दुकान व वर बिऱ्हाड, असे ते जुने, अरुंद, वेड्यावाकड्या जिन्यांचे घर. त्यात आईबाप, चार मुले आणि आईच्या तीन बहिणी एवढी माणसे राहत. पैसा बेताचाच होता, पण दारी आलेला कोणी उपाशी परत जात नसे. वडील कास्पर हे गावातले नामांकित घड्याळजी. सकाळी न्याहारीच्या वेळी आणि रात्री निजण्यापूर्वी ते सर्वांना जमवून पवित्र शास्त्र वाचीत. हा नेम कधी चुकला नाही. आजोबांनी १८४४ साली याच घरात यहुदी लोकांसाठी प्रार्थना करण्याचा प्रघात सुरू केला होता. त्या प्रार्थनेची किंमत बरोबर शंभर वर्षांनी याच घराला द्यावी लागेल, हे तेव्हा कोणाला माहीत होते?

कोरी लहान असतानाची एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढच्या साऱ्या हकीकतीचे मर्म तिच्यात आहे. आईबरोबर ती एकदा एका गरीब घरी समाचाराला गेली होती. त्या घरचे तान्हे मूल वारले होते. कोरीने त्या बाळाला हात लावून पाहिला, तो थंडगार. त्या रात्री पोरीला झोप येईना. आपले बाबाही एक दिवस असेच मरतील, मग मी ते कसे सोसू, म्हणून ती रडू लागली. वडील तिच्या पलंगाच्या कडेला बसले. दुकानातली घड्याळे बिनचूक लावण्यासाठी ते तिला घेऊन आगगाडीने अ‍ॅम्स्टरडॅमला जात असत. त्यांनी तिला विचारले की, मी तुझे तिकीट तुझ्या हातात केव्हा देतो? मुलीने सांगितले की, गाडीत चढण्याच्या अगदी आधी. तेव्हा वडिलांनी तिला समजावले की, आपला स्वर्गातला पिताही तसाच शहाणा आहे. सोसण्याचे बळ तो आधीपासून हातात देऊन ठेवीत नाही, पण ज्या घडीला लागेल त्या घडीला दिल्यावाचून राहत नाही.

ही तिकिटाची गोष्ट कोरी जन्मभर विसरली नाही.

मोठी झाल्यावर तिचे मन भावाच्या एका मित्रावर जडले. त्यालाही ती आवडत होती. पण त्याच्या घरच्यांना मोठ्या घरची सून हवी होती. एक दिवस तो दुसऱ्याच मुलीला घेऊन दारात उभा राहिला आणि ही आपली वाग्दत्त वधू म्हणून त्याने ओळख करून दिली. मग कोरी खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. त्या रात्रीही वडीलच वर आले. दुसरा कोणी चांगला मिळेल, असे पोकळ समाधान त्यांनी केले नाही. प्रेमाची वाट अडली म्हणजे फार दुखते. अशा वेळी प्रेम मारून टाकावे किंवा देवाकडे दुसरी वाट मागावी, असे त्यांनी सांगितले. आपल्याच्याने जे प्रेम होत नाही, ते देवाकडून मागून घ्यावे, हा धडा ती तिथे शिकली. पुढे तिने लग्न केले नाही. बेट्सीचेही प्रकृतीच्या कारणाने लग्न झाले नाही. आई १९२१ साली वारली. मग त्या घरात म्हातारे वडील आणि या दोघी लेकी उरल्या.

प्रथम बेट्सी दुकान पाही व कोरी स्वयंपाकघर. एका हिवाळ्यात बेट्सी आजारी पडली म्हणून कामांची अदलाबदल झाली. तेव्हा दोघींच्या ध्यानात आले की आपण इतके दिवस उलट्याच कामावर होतो. बेट्सीच्या हाताला चव, घर सजवण्याची हौस. आणि कोरीला यंत्रांची गोडी. कोरीने स्वित्झर्लंडात जाऊन ती विद्या शिकून घेतली आणि १९२२ साली ती हॉलंडमधली पहिली परवानाधारक स्त्री घड्याळजी झाली. त्याशिवाय ती मुलींची मंडळे चालवी. ज्या मुलांची बुद्धी मंद म्हणून त्यांना कोणी जवळ करीत नसे, त्यांच्यासाठी उपासना चालवी. अशी वयाची जवळजवळ पन्नास वर्षे साध्या, सुखी कामांत गेली. एवढ्यावर आयुष्य संपते तर आज तिचे नाव कोणी घेतले नसते.

मे १९४० मध्ये हिटलरच्या जर्मन सैन्याने हॉलंड जिंकले. थोड्याच दिवसांत यहुदी लोकांचे हाल सुरू झाले. त्यांच्या अंगरख्यावर पिवळी चांदणी शिवणे भाग पडले, दुकाने फुटू लागली, आणि मग रात्री-अपरात्री माणसे गाड्यांत कोंबून नेऊ लागले. मे १९४२ मध्ये एके संध्याकाळी एक यहुदी बाई हातात पेटी घेऊन टेन बूमांच्या दारी आली. तिला जाण्यास जागा नव्हती. कास्पर म्हाताऱ्यांनी तिला आत घेतले. एकीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी, अशी माणसे येऊ लागली.

भगिनींनो, पाहुणा ठेवणे म्हणजे प्रथम पोटाचा प्रश्न, हे आपणां बायकांना वेगळे सांगायला नको. सर्व अन्न रेशनवर, आणि यहुद्यांना कार्ड नाही. रेशनच्या कचेरीत एक ओळखीचे गृहस्थ होते. त्यांची मंदबुद्धी मुलगी कोरीच्या उपासनेला येत असे. कोरी भीत भीत त्यांच्या घरी गेली. पाच कार्डे मागावयाची ठरवून गेली होती, पण तोंडातून शब्द निघाला शंभर! आणि त्या गृहस्थांनी जीव धोक्यात घालून ती मिळवून दिली.

मग घरात लपण्याची जागा करावी लागली. कोरीची निजण्याची खोली सर्वांत वर होती. तिच्या टोकाशी खरी भिंत सोडून अलीकडे दुसरी विटांची भिंत उभारली. मध्ये दोन-अडीच फूट रुंदीची फट. आत जाण्याची वाट कपड्यांच्या कपाटातल्या सर्वांत खालच्या फळीमागून, सरपटत. विटा थोड्या थोड्या करून लपवून आत आणल्या, म्हणजे शेजाऱ्यांना संशय येऊ नये. घरात विजेची घंटा बसवली. ती वाजली की एका मिनिटात पाहुण्यांनी आपले ताट, चिरूट, पुस्तक सारे उचलून फळीमागे नाहीसे व्हावयाचे. गादीदेखील उलटी करून ठेवायची, कारण पोलिसाने हात लावला तर ती ऊबदार लागेल. घरातल्या लहानसहान वस्तूंतून माणूस कसा उघडा पडतो, हे बाईच्याच लक्षात येणार!

अशी पावणेदोन वर्षे गेली. २८ फेब्रुवारी १९४४ रोजी कोरी तापाने अंथरुणावर होती. खाली दुकानात एक अनोळखी माणूस आला. माझ्या बायकोला पकडले आहे, तिला सोडवण्यास सहाशे गिल्डर पाहिजेत, म्हणून तो गयावया करू लागला. कोरीला त्याची नजर आवडली नाही, पण खरोखरच अडलेला असला तर, म्हणून तिने पैशांची व्यवस्था करण्याचे कबूल केले. तो माणूस त्यांच्याच देशाचा, त्यांचीच भाषा बोलणारा. पण जर्मनांचा खबऱ्या होता. त्याच दिवशी गेस्टापो नावाचे गुप्त पोलीस घरात शिरले. यहुदी कोठे लपवले ते सांग, म्हणून त्यांनी कोरीच्या व बेट्सीच्या तोंडात मारले. दोघींनी सांगितले नाही. घराच्या भिंती ठोकून पाहिल्या, फळ्या उचकटल्या, तरी ती जागा सापडली नाही. आत सहा माणसे श्वास कोंडून बसली होती. ती पुढे दोन-अडीच दिवसांनी मित्रांच्या मदतीने बाहेर पडली. परंतु घरातील सर्व माणसे आणि त्या दिवशी तेथे आलेली मंडळी, मिळून सुमारे तीस जण पकडले गेले.

कास्पर त्या वेळी चौऱ्यांऐंशी वर्षांचे होते. वयाकडे पाहून अधिकारी त्यांना घरी पाठवण्यास तयार झाला. अट एवढीच की पुन्हा असले काम करू नये. म्हाताऱ्यांनी शांतपणे सांगितले की, आज घरी गेलो तर उद्या जो कोणी गरजू दार ठोठावील त्याला मी दार उघडीन. मग त्यांनाही तुरुंगात नेले. दहाच दिवसांनी, ९ मार्च १९४४ रोजी ते वारले. लेकींपैकी एकही जवळ नव्हती.

कोरी तेव्हा एकांत कोठडीत होती. माणसाचे तोंड दिसावयाचे नाही. भिंतीतल्या फटीतून येणाऱ्या मुंग्यांना ती भाकरीचे कण घाली, तीच तिची सोबत. नॉली सुटून घरी गेली होती. तिने धाडलेल्या पुडक्यावर पत्त्याची अक्षरे पोस्टाच्या तिकिटाकडे तिरपी झुकलेली दिसली. कोरीने तिकीट भिजवून काढले, तो खाली बारीक अक्षरांत निरोप होता की तुझ्या कपाटातली सर्व घड्याळे सुखरूप आहेत. लपलेली माणसे वाचली, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी ती आनंदाने रडली. पण पुढे नॉलीचेच पत्र आले, त्यात वडील गेल्याची बातमी होती. लहानपणी जिची धास्ती घेतली होती ती घडी अशी एकटीने सोसावी लागली. तिकीट मात्र त्या घडीला हातात पडले, असेच म्हटले पाहिजे. कारण ती खचली नाही.

जूनमध्ये कैद्यांना व्युख्ट येथील छावणीत हलवले आणि तेथे दोघी बहिणींची गाठ पडली. येथेच कोरीला त्या खबऱ्याचे नाव कळले. त्या क्षणापासून तिच्या मनात आग पेटली. त्या माणसाने बायकोचे खोटे निमित्त करून आपल्याला फसवले आणि बाबांना मारले. तो समोर आला तर आपण त्याचा जीव घेऊ, असे तिला वाटे. जेवण जाईना, झोप येईना, प्रार्थना सुचेना. बेट्सीला मात्र हे कळत नव्हते असे नाही. तिचेही तेच वडील. अखेर कोरीने तिला विचारले की, तुला त्याचा राग येत नाही का? बेट्सीने सांगितले की, मला त्याची फार कीव येते, आणि मी त्याच्यासाठी प्रार्थना करते. एवढे करून त्याच्या मनाला किती यातना होत असतील!

कोरी त्या रात्री जागी राहिली. त्या माणसाने जिभेने खून केला, तर मी मनात खूनच करीत आहे. मग देवापुढे आम्ही दोघे सारखेच नाही का, हा विचार तिला टोचू लागला. तिने अंधारात त्याला क्षमा केली, आपल्या मनातल्या खुनाबद्दल देवाची क्षमा मागितली, आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी तिला स्वस्थ झोप लागली. त्याचे बरे झाले की नाही कोण जाणे, पण तिचे मात्र त्या रात्री बरे झाले.

सप्टेंबर १९४४ मध्ये दोघींना जर्मनीत रॅव्हेन्सब्रुक येथे नेले. बर्लिनच्या उत्तरेची ही बायकांची छळछावणी. युद्धाच्या काळात एक लाखाहून अधिक बायका या छावणीत आणल्या गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक हजार पुन्हा घरी गेल्या नाहीत. आत जाताना सर्व कपडे काढून पहारेकऱ्यांच्या नजरेसमोरून न्हाणीघरात जावे लागे. साठीला आलेली, कुलीन, हाडांचा सापळा झालेली बेट्सी तशी चालत गेली. पुरुष पहारेकरी उभे राहून पाहत होते. त्यांच्यातला एक चेहरा कोरीच्या मनावर कोरला गेला. तो पुढे पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

तेथले दिवस सविस्तर लिहिण्यास हात धजत नाही. पहाटेच्या थंडीत तास तास हजेरीसाठी उभे राहणे, पातळ सूप, दिवसभर अंगमेहनत. एकदा बेट्सीला फावड्याने जड माती उचलवेना म्हणून पहारेकरणीने तिला चाबकाने मारले. कोरी चवताळून धावली, पण बेट्सीने तिला अडवले. माराकडे पाहू नकोस, येशूकडे पाहा, असे तिने सुचवले. त्यांच्या बराकीत पिसवांचा बुजबुजाट होता. बेट्सीने पिसवांबद्दलही देवाचे आभार मानावयास लावले, तेव्हा कोरीला वाटले की आता हे अतिच झाले. पुढे कळले की पिसवांच्या भीतीने पहारेकरी त्या बराकीत पाऊल टाकीत नसत, आणि म्हणूनच लपवून आणलेल्या पवित्र शास्त्राचे वाचन तेथे रोज बिनधोक चालत असे. देशोदेशींच्या बायका त्या मंद दिव्याखाली जमत आणि एकमेकींच्या भाषेत ते वचन हळूहळू पुढे सांगत.

बेट्सी जागेपणी स्वप्ने पाही. युद्ध संपल्यावर आपण एक मोठे बागेचे घर घ्यायचे. दुखावलेली माणसे तेथे आणून बरी करायची. जर्मनीत एक छावणीही घ्यायची; ज्यांना द्वेष शिकवला गेला त्यांना तेथे प्रेम शिकवायचे. तिने पहारेकऱ्यांनाही आपल्या प्रार्थनेतून वगळले नाही. १६ डिसेंबर १९४४ रोजी ती त्या छावणीतल्या इस्पितळात वारली. वय एकोणसाठ. त्याच महिन्याच्या अखेरीस कोरीला अचानक सोडण्यात आले. पुढे बऱ्याच वर्षांनी तिला कळले की ती सुटका कारकुनाच्या चुकीने झाली होती. तिच्या वयाच्या बायकांना त्यानंतर थोड्याच दिवसांत मारण्यात आले.

कोरी घरी आली ती बहिणीचे स्वप्न पदरात घेऊन. १९४५ साली एका श्रीमंत बाईने ब्लूमेंडाल गावचे आपले मोठे घर तिला वापरावयास दिले. छावण्यांतून व लपणीच्या जागांतून आलेली माणसे तेथे राहू लागली. येथे कोरीने एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ज्यांना क्षमा करणे जमले, ती माणसे हळूहळू कामाला लागली, बागेत भाजी लावू लागली, हसू लागली. ज्यांनी वैर जपले, ती शरीराने धडधाकट असूनही आजाऱ्यासारखी पडून राहिली. त्यांतही जर्मनांपेक्षा आपल्याच देशातल्या फितुरांना क्षमा करणे सर्वांना अधिक अवघड जाई. घरच्या माणसाचा घाव परक्याच्या घावापेक्षा खोल जातो, हे आपल्याकडेही काही वेगळे नाही. अशा फितुरांना कोणी आसरा देईना, तेव्हा कोरीने आपले हार्लेमचे घर, ज्या घरातून वडिलांना धरून नेले तेच घर, त्यांना राहण्यास मोकळे केले. आणि तो खबऱ्या? त्याला देहांताची शिक्षा झाल्याचे कळताच तिने त्याला तुरुंगात पत्र पाठवले आणि क्षमा केल्याचे कळवले.

इतके झाल्यावर कोणीही म्हणेल की क्षमेची परीक्षा ही बाई उत्तीर्ण झाली. तिलाही तसेच वाटले असावे. परंतु खरी परीक्षा पुढेच होती.

१९४७ साली ती जर्मनीत म्यूनिक शहरी क्षमेविषयी बोलावयास गेली. पराभूत, भुकेलेले, मान खाली घातलेले लोक ऐकावयास जमले होते. देव आपली पापे खोल समुद्रात टाकून देतो, असे तिने त्यांना सांगितले. उपासना संपली. लोक उठून जात होते. त्या गर्दीतून एक माणूस तिच्याकडे येऊ लागला. तिने त्याला पाहताक्षणी ओळखले. न्हाणीघरापाशी उभा असलेला तोच पहारेकरी! एका क्षणात सारे तिच्या डोळ्यांपुढे आले. कपड्यांचा ढीग, ती लाज, बेट्सीच्या बरगड्या. त्याने तिला ओळखले नव्हते. तो आता ख्रिस्ती झाला होता, देवाने आपल्यालाही क्षमा केली याचा त्याला आनंद झाला होता. त्याने हात पुढे केला.

कोरीचा हात उचलेना.

नुकतीच क्षमेवर बोललेली बाई, आणि तिचा हात पिशवीशीच चाळा करीत राहिला. तिने मनात प्रेम शोधले, एक थेंब सापडेना. दयाही नाही, नुसता थंड राग. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज क्षमा मागतो, ती आपणही इतरांना क्षमा करतो असे म्हणूनच. हे तिला पाठ होते, पण पाठांतराने हात हलत नाही. तेव्हा तिने मनातल्या मनात येशूला सांगितले की, माझ्याच्याने हे होत नाही; तुझी क्षमा तू मला दे. मी फक्त हात उचलते. आणि लाकडाचा असावा तसा तो हात तिने पुढे केला. त्याच्या हाताला तो लागला मात्र, आणि खांद्यापासून बोटांपर्यंत काहीतरी ऊबदार वाहू लागले. तिचे डोळे भरून आले. त्या माणसाविषयी तिला असे प्रेम वाटले की ते तिला स्वतःलाच नवल वाटले. तिने त्याला मनापासून क्षमा केली. एके काळचा पहारेकरी आणि एके काळची कैदीण बराच वेळ एकमेकांचा हात धरून उभी राहिली.

भगिनींनो, ही तीच लहानपणची तिकिटाची गोष्ट नव्हे काय? तिकीट आधी हातात नव्हते. गाडी दारात उभी राहिली तेव्हा ते मिळाले.

यापुढे तिला क्षमा सोपी झाली असेल, असे समजू नका. पुष्कळ वर्षांनी तिच्या काही ख्रिस्ती स्नेह्यांनीच तिला दुखावले. छावणीच्या मानाने ती गोष्ट किरकोळ, पण रात्री झोप येईना. क्षमा केली असे म्हणावे आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तोच राग. एका पाळकांनी तिला देवळाच्या घंटेचा दाखला दिला. घंटेचा दोर सोडून दिला तरी घंटा काही वेळ वाजतच राहते, मग हळूहळू थांबते. क्षमा म्हणजे दोर सोडणे. त्यानंतरही राग काही दिवस वाजेल, त्याला भिऊ नये. दोर पुन्हा धरला नाही म्हणजे झाले. तरी त्या स्नेह्यांची पत्रे पुरावा म्हणून तिने जपून ठेवली होती. हा पुरावा म्हणजेच पुन्हा हातात धरलेला दोर, हे ध्यानात आले तेव्हा तिने ती सर्व पत्रे जाळून टाकली. आपल्यापैकी किती जणींच्या पेटीत असली पत्रे असतील, आणि किती जणींच्या मनात!

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. कोरीबाईंनी अन्यायाला न्याय म्हटले नाही. झाले ते झाले, गप्प बसा, असे त्यांनी कधी सांगितले नाही. छावणीत काय घडले ते त्यांनी जगभर उघड सांगितले. क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे. ज्या घरी आजही बाईला मार बसतो तिने मुकाट्याने मार खात राहावे, असा या हकीकतीचा अर्थ कोणी लावू नये. तिने आधी मदत घ्यावी, आसरा घ्यावा. हार्लेमच्या त्या घरानेही छळ होणाऱ्यांना प्रथम आसराच दिला होता.

बेट्सीचे दुसरे स्वप्नही खरे झाले. जर्मनीत डार्मश्टाट येथे एक जुनी छावणी मिळाली आणि बेघर झालेल्या जर्मनांना तेथे ठेवून घेण्यात आले. भाऊ विलेम तुरुंगातल्या आजाराने १९४६ मध्ये वारला होता. त्याचा तरुण मुलगा छावणीतून परत आलाच नाही. एवढे घाव असताना या एकट्या बाईने पुढील तीस वर्षांत साठांहून अधिक देशांत जाऊन हीच साक्ष दिली. १९६७ साली यहुद्यांच्या इस्राएल देशाने त्यांचा गौरव केला. १९७१ मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले व १९७५ मध्ये त्यावर चित्रपटही झाला. १९७७ साली त्या अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्या. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने त्यांची वाचा गेली आणि शेवटची वर्षे त्यांनी अंथरुणावर मौनात काढली. १५ एप्रिल १९८३ रोजी, त्यांच्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशी, त्यांना देवाज्ञा झाली. हार्लेमचे ते घर १९८८ पासून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. कपाटाची खालची फळी आणि तिच्यामागची ती अरुंद जागा तेथे पाहावयास मिळते.

आपण साध्या संसारी बायका. आपल्यावर देवदयेने असले प्रसंग आले नाहीत. परंतु दुखावलेले मन प्रत्येकीच्या पदरात आहे, आणि ज्याचे दुःख त्याला मोठे. माझ्या मनात त्या माणसाविषयी प्रेमच नाही, मग क्षमा कशी करू, असे आपण म्हणतो. कोरीबाईंच्या मनातही ते नव्हते. त्यांनी फक्त आपल्या हातात होते तेवढे केले. हात उचलला. बाकीचे देवाने केले. तेव्हा ज्या दारावरून आपण कित्येक वर्षे मान फिरवून जातो, त्या दारात एकदा उभे राहून पाहू या. प्रेम आधी येईल आणि मग आपण जाऊ, अशी वाट पाहत बसलो तर जन्म जाईल.

ज्या प्रभू येशूने त्या म्यूनिकच्या उपासनेत एका थकलेल्या बाईच्या हाताला बळ दिले, तो आपल्या मंडळातील व शेजारपाजारच्या प्रत्येक दुखावलेल्या भगिनीला तिच्या घडीला तिचे तिकीट देवो, हीच प्रार्थना.